विद्यार्थ्याची प्रकृती आणि त्याचे प्रगतिपुस्तक

फळ्यावर १९ हा आकडा लिहिलेला असतो आणि चौथ्या रांगेतील मुलाच्या वहीत तो ११ होऊन उतरतो. पुढची रीत तो मुलगा अगदी बिनचूक करतो, उत्तर मात्र चुकते. चुकलेल्या उत्तराखाली लाल रेघ पडते. अशा पाच-पंचवीस रेघा जमल्या म्हणजे सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात ‘गणिताकडे लक्ष नाही’ असा शेरा येतो, वडील तो वाचून रागावतात, आणि वर्षअखेरीस मुलालाही पटते की आपणास गणित येत नाही. एवढ्या सगळ्या प्रकरणात त्याला चार-सहा पावले पुढे बसवून पाहावे, हे मात्र कोणाच्या मनात येत नाही.

विद्यार्थ्याच्या आजाराचा आणि अभ्यासाचा संबंध आहे हे कोणी नाकारीत नाही. परंतु आजार म्हटला की डोळ्यांसमोर येते ते अंथरुणावर पडलेले, तापाने फणफणलेले मूल. तो आजार हजेरीपटावर दिसतो. हैदराबादकरांना तर तापाचा इतिहास नव्याने सांगावयास नको. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी ॲनॉफिलीस डासाच्या जठरात हिवतापाचा परोपजीवी जीव पाहिला तो सिकंदराबादेतच, आणि बेगमपेठेतील ती वास्तू आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. तापाने मूल आठ दिवस घरी राहते, त्याचा आठ दिवसांचा पाठ बुडतो, आणि बुडालेला पाठ भरून काढता येतो. याहून अधिक नुकसान करणारे आजार दुसरेच असतात. ते मुलाला अंथरुणावर पाडीत नाहीत. मूल रोज दप्तर घेऊन येते, बाकावर बसते, हजेरीला ‘हजर’ म्हणते, आणि त्याच्याबरोबर त्याचा आजारही वर्गात येऊन बसतो. शाळेत त्या आजाराला वैद्यकातले नाव मिळत नाही. तेथे तो आळस, बेपर्वाई, हट्ट किंवा सरळ ‘ढ’पणा या नावांनी ओळखला जातो.

यांपैकी सर्वांत सहज ओळखता येणारा आणि तरीही वर्षानुवर्षे निसटणारा दोष दृष्टीचा होय. लघुदृष्टीत डोळ्याचा गोल किंचित लांबट होतो, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा आतल्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. पुस्तक हातात असेपर्यंत मुलाला काहीच अडचण येत नाही. फळा मात्र धूसर दिसतो. हा दोष बहुधा शाळेच्या वयातच सुरू होतो आणि शरीर वाढते तसा वाढत जातो. मुलाला आपला दोष कळत नाही, कारण इतरांना फळा किती स्वच्छ दिसतो याचा अनुभव त्याला कधी आलेलाच नसतो. सर्वांनाच असे दिसते, अशी त्याची समजूत असते. म्हणून ‘तुला नीट दिसते ना?’ या प्रश्नाचे त्याचे उत्तर प्रामाणिकपणे ‘होय’ असेच येते.

हैदराबादच्या दक्षिणेस महबूबनगर जिल्हा आहे. तेथील ग्रामीण भागात सात ते पंधरा वर्षे वयाच्या चार हजारांहून अधिक मुलांचे डोळे शास्त्रीय पद्धतीने तपासण्यात आले आणि त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. चष्म्याविना पाहिले असता दोन्ही डोळ्यांनी कमी दिसणारी मुले शंभरांत तीनहून थोडी कमी निघाली, आणि त्यांतील सुमारे ६१ टक्के मुलांचा दोष केवळ चष्म्याच्या नंबराचा होता. त्याच सुमारास, त्याच पद्धतीने दिल्लीच्या नागरी वस्तीत पाहणी झाली तेव्हा हे प्रमाण सहा टक्क्यांच्या पुढे गेले. शहरातील मुले घराबाहेर, उजेडात कमी वेळ घालवितात, आणि बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत लघुदृष्टी कमी आढळते असे अलीकडील संशोधन सांगते. चाळीस मुलांच्या वर्गात एक-दोन मुले, एवढाच हा हिशेब. परंतु ज्याच्या वाट्याला तो येतो त्याचे वर्षच त्यात जाते.

आणि उपाय तर चष्म्याचा! एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था १९८७ पासून या शहरात काम करीत आहे. तिने गावोगाव दृष्टिकेंद्रे उभारली. तेलंगण सरकारने १५ ऑगस्ट २०१८ रोजी ‘कंटि वेलुगु’, म्हणजे डोळ्यांचा उजेड, या नावाची नेत्रतपासणीची मोहीम काढली आणि चष्मे वाटले. एवढे असूनही चष्मा मिळणे ही एक गोष्ट आणि तो नाकावर बसणे ही दुसरी. चीनच्या वायव्य भागात शाळकरी मुलांना मोफत चष्मे देऊन केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मे दिलेल्या मुलांचे गणिताचे गुण वाढल्याचे त्यात दिसले. पण वर्षअखेरीस अचानक जाऊन पाहिले तेव्हा चष्मा मिळालेल्यांपैकी निम्म्याहून कमी मुलांच्या डोळ्यांवर तो होता. आपल्याकडेही याहून वेगळे घडत नाही. ‘चष्मिस’ म्हणून चिडविणारे सोबती असतात. चष्म्याने डोळे आणखी अधू होतात अशी आजीची खात्री असते. आणि मुलगी असली तर तिच्या लग्नाची काळजी आईला सहावीतच पडलेली असते. चष्म्याने डोळे बिघडत नाहीत. वाढत्या वयात नंबर वाढतो तो चष्मा लावला म्हणून वाढत नाही, तो वयाबरोबर वाढावयाचाच असतो. एवढे एक वाक्य पालकसभेत स्पष्टपणे सांगितले गेले, तरी पेटीत पडून राहिलेले कितीतरी चष्मे बाहेर येतील.

डोळ्यांपेक्षा कान अधिक फसवे. लहान मुलाला सर्दी होते, नाकाच्या मागून कानाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून ती मध्यकर्णापर्यंत पोहोचते, कान ठणकतो, पडदा फुटतो आणि कान वाहू लागतो. ठणका थांबला म्हणजे घरातील माणसे निश्चिंत होतात. वाहता कान ही तर आपल्याकडे बाळपणाची नित्याचीच बाब मानली जाते. त्यात कोमट तेल घातले, कापसाचा बोळा बसविला की झाले. वास्तविक फुटलेल्या पडद्याच्या कानात तेल घालणे हे अपायाचेच आहे. अशा मुलाला अजिबात ऐकू येत नाही असे नसते. आज बरे ऐकू येते, पावसाळ्यात कमी येते. शांत खोलीत समजते, गजबजलेल्या वर्गात निसटते. त्यातही शब्दांतील स, श, फ, थ हे हलके ध्वनी पुष्कळदा आधी हरवतात. मग शुद्धलेखनाच्या वहीत शब्द अर्धवट उतरतात आणि ‘हाक मारली तरी ओ देत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

हैदराबादसारख्या शहरात या दोषाला लपण्यासाठी आणखी एक आडोसा मिळतो, तो भाषेचा. येथील मराठी कुटुंबातील मूल घरी मराठी बोलते, गल्लीत दक्खनी उर्दू ऐकते, बाजारात तेलुगू त्याच्या कानांवर पडते आणि शाळेत त्याची गाठ बहुधा इंग्रजीशी पडते. विसाव्या शतकाच्या आरंभी केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदी मंडळींनी ‘विवेक वर्धिनी’ उभी केली, तेव्हापासून मातृभाषेतून शिकण्याचा प्रश्न येथल्या मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा राहिला आहे. परंतु त्यामुळेच असे होते की, मूल वर्गात गोंधळले म्हणजे ‘त्याला अजून भाषा येत नाही’ हे उत्तर सर्वांच्या तोंडी तयार असते. अध्यापकांचे समाधान होते, आईवडिलांचेही होते. चार भाषांच्या या गलबल्यात मुलाला मुळात ऐकूच कमी येत आहे, ही शंका शेवटी येते, आणि कधी कधी येतही नाही. निरोगी कानाचे मूल तीन-चार भाषा खेळता खेळता उचलते, हे याच शहरातील कोणत्याही गल्लीत दिसते. म्हणून दोन वर्षे उलटूनही ज्या मुलाला शाळेची भाषा येत नाही, त्याचे कान आधी तपासावेत. त्याच्या पाठीमागे चार हातांवर उभे राहून हलक्या आवाजात दोन आकडे उच्चारावेत आणि ते त्याला परत म्हणावयास सांगावेत. या चाचणीने निदान होत नाही, शंका मात्र येते. आणि कोठीच्या सरकारी कान-नाक-घसा रुग्णालयापर्यंत जाण्यास तेवढी शंका पुरे.

आता पोटाकडे वळू. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण सरस्वतीलाही लागू आहे. या बाबतीत हैदराबादला जे स्थान आहे ते देशातील दुसऱ्या कोणत्याही शहराला नाही. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी कुन्नूर येथे सुरू केलेली आहारसंशोधनाची प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादेत आणण्यात आली. त्या काळी डॉ. व्ही. एन. पटवर्धन तिचे संचालक होते, ही मराठी वाचकांना आवर्जून सांगण्यासारखी गोष्ट. १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. अ जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो आणि पुढे कायमचे अंधत्व येते. ते टाळण्यासाठी सहा सहा महिन्यांनी दोन लाख एककांची मात्रा देण्याची राष्ट्रीय योजना १९७० मध्ये सुरू झाली, ती याच संस्थेच्या कामावर आधारलेली होती. मिठात आयोडीन आणि लोह ही दोन्ही एकत्र घालण्याची रीतही या संस्थेने बसविली.

लोहाची गोष्ट शाळेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. रक्तातील ज्या तांबड्या द्रव्यामुळे प्राणवायू शरीरभर पोहोचतो, ते द्रव्य लोहाशिवाय तयार होत नाही. मेंदूलाही आपल्या कामासाठी लोह लागते. ते कमी पडले की मूल दुखते-खुपते असे काही सांगत नाही; ते नुसते मंदावते. दुपारच्या तिसऱ्या तासाला डोके बाकावर टेकते, धडा दोनदा वाचला तरी मनात राहत नाही, मैदानावर खेळ सुरू झाला की कडेला बसून राहते. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण पाहणीत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत सुमारे २४ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींत सुमारे २८ टक्के रक्तक्षयी आढळली. या मोठ्या गटातील मुलींचे प्रमाण तर ४० टक्के होते. म्हणजे आठवी-नववीच्या मुलींच्या वर्गात पाचांपैकी दोन बाकांवर हा आजार बसलेला असतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयातील तारा गोपालदास आणि सुभद्रा शेषाद्री यांनी रक्तक्षयी मुलांना लोहाच्या गोळ्या देऊन केलेले प्रयोग १९८९ मध्ये एकत्रितपणे मांडले. लोह मिळालेल्या मुलांची लक्ष व स्मरण यांच्या कसोट्यांतील कामगिरी सुधारली होती. शाळांतून आठवड्याला एक लोहाची गोळी देण्याची योजना आहे. ती उपाशीपोटी घेतली की मळमळते. एका मुलीला मळमळले की दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग गोळी खिडकीबाहेर टाकतो. ती जेवणानंतरच द्यावयाची असते. जेवणासोबत चहा घेतल्यास अन्नातील लोह कमी अंगी लागते, हेही हैदराबादच्या चहाबाज घरांना सांगून ठेवावेसे वाटते. उलट पानात लिंबाची फोड असली तर ते अधिक लागते.

परंतु पोषणाने अभ्यास नेमका किती सुधारतो? या प्रश्नाचे उत्तर हैदराबादच्या शेजारच्या खेड्यांनीच दिले आहे आणि ते वाटते तितके सरळ नाही. १९८७ ते १९९० या काळात रंगारेड्डी जिल्ह्यातील २९ गावांत एक पाहणी झाली. एकात्मिक बालविकास योजना त्या वेळी एका विभागात पोहोचली होती आणि लगतच्या विभागात अजून यावयाची होती. त्यामुळे १५ गावांतील गरोदर स्त्रियांना आणि सहा वर्षांखालील मुलांना रोज मका व सोयाबीन यांच्या पिठाचा उपमा मिळत होता. उरलेल्या १४ गावांत तो मिळत नव्हता.  ती बाळे पुढे तेरा ते अठरा वर्षांची झाली, तेव्हा २००३ ते २००५ या काळात राष्ट्रीय पोषण संस्थेच्या व इंग्लंडमधील संशोधकांनी ११६५ मुलामुलींना पुन्हा शोधून काढून तपासले. उपमा मिळालेल्या गावांतील मुले सरासरी १४ मिलिमीटर उंच निघाली. मधुमेह आणि हृदयविकार यांकडे नेणारी शरीराची लक्षणेही त्यांच्यात कमी होती.

याच मुलांच्या शिक्षणाचा हिशेब २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. उपमा मिळालेल्या गावांतील मुले शाळेत टिकण्याचे प्रमाण अधिक होते, आणि सरासरीने त्यांनी ०.८४ इयत्ता, म्हणजे जवळजवळ एक पुरे वर्ष, अधिक शिक्षण घेतले होते. बालपणीच्या वाटीभर उपम्याची ही फलश्रुती लहान म्हणता येणार नाही. मात्र परीक्षेतील गुणांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही! ही गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, त्यामुळे निष्कर्ष जपूनच घ्यावयाचे. तरीही ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. आफ्रिकेतील केनियात शाळकरी मुलांना जंतांचे औषध देऊन केलेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही असेच दिसले होते. मुलांची गैरहजेरी सुमारे एक-चतुर्थांशाने घटली, गुण वाढले नाहीत. त्या आकड्यांविषयी पुढे विद्वानांत बराच वाद झाला, तो वेगळा. अन्न आणि औषध मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतात, बाकावर टिकवितात. त्यापुढे त्याला काय येते हे त्या वर्गात काय शिकविले जाते यावर ठरते. भात-सांबार वाढून झाले म्हणजे शाळेचे काम आटोपले असे समजणाऱ्यांना, आणि मध्यान्ह भोजनाने ‘निकाल’ सुधारला नाही म्हणून त्याला नावे ठेवणाऱ्यांना, दोघांनाही रंगारेड्डीच्या या गावांचा दाखला द्यावा लागेल.

काही त्रास लहान म्हणून बोलण्यातच येत नाहीत. किडलेली दाढ रात्रभर मुलाला झोपू देत नाही आणि सकाळी ‘पाठांतर का केले नाही’ या प्रश्नाला दाढेचे कारण कोणी मानीत नाही. नळगोंडा जिल्ह्यातील पाण्यात फ्लोराइड अधिक. तेथील मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उठत, हाडे वाकत. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून असे पाणी शुद्ध करण्याची जी पद्धत शोधली तिला ‘नळगोंडा पद्धत’ असेच नाव पडले. दात रंगलेला मुलगा उत्तर येत असूनही तोंड उघडावयास लाजतो, ही बाब कोणत्याही तक्त्यात नोंदली जात नाही. मुलींची गोष्ट आणखी निराळी. शाळेतील शौचकूप वापरण्याजोगे नसले की त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग दुपारी डोके दुखते, मूत्रमार्गाचे विकार जडतात, आणि मासिक धर्माच्या दिवसांत त्या सरळ घरीच राहतात. येथे औषधाची गरज कमी आणि दाराला कडी, नळाला पाणी यांची अधिक. आणि झोप! चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री आठ ते दहा तास झोप हवी असते. दिवसभर वाचलेले मनात पक्के होण्याचे कामही झोपेतच चालते. या शहरातील शिकवण्यांची पहाट आणि मोबाइलची मध्यरात्र यांच्यामध्ये ती बसवावयाची कोठे, हे कोणत्याच वेळापत्रकात लिहिलेले नसते.

शाळेतच वैद्यकीय तपासणी करण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. १९०९ मध्ये सयाजीरावांच्या बडोदे शहरात शाळकरी मुलांची तपासणी झाली, तीच या देशातील पहिली मानली जाते. १९४६ मध्ये भोर समितीने शालेय आरोग्याची व्यवस्था देशात जवळजवळ नाहीच, असे नमूद केले. १९६० मध्ये श्रीमती रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली खास समिती नेमण्यात आली आणि पुढल्या वर्षी तिचा अहवाल आला. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासणारी फिरती पथके त्यातून निघाली. १९०९ पासून हिशेब केला तर तपासणीला शतक उलटून गेले. खरी अडचण तपासणीच्या पुढच्या पायरीवर आहे. डॉक्टर येतात, मुलाचा डोळा किंवा कान पाहतात, ‘मोठ्या रुग्णालयात दाखवावे’ अशी चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी दप्तरात जाते. बाप रोजंदारीवर असतो. नीलोफरला किंवा सरोजिनी देवी नेत्र रुग्णालयात जावयाचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, आणि पहिल्या दिवशी काम होईलच अशी शाश्वती नसते. पुढील वर्षी पथक पुन्हा येते, पुन्हा तीच चिठ्ठी देते.

या पायरीवर वर्गशिक्षकाइतका उपयोगी दुसरा कोणी नाही, कारण वर्षातील दोनशेहून अधिक दिवस त्या मुलाला पाहणारा, आईवडिलांखेरीज, तोच एक असतो. त्याने रोगनिदान करावे अशी अपेक्षा नाही. हजेरीपटाच्या मागील कोऱ्या पानावर त्याने चार रकाने आखावेत: चिठ्ठी दिली, रुग्णालयात गेले, चष्मा किंवा औषध मिळाले, वापर सुरू आहे. पहिला रकाना बहुधा ऑगस्टपर्यंत भरतो. तिसरा आणि चौथा भरण्यासाठी एकदा घरी जावे लागते, दोनदा आठवण द्यावी लागते, कधी चार पालकांना एकाच दिवशी एकत्र पाठवावे लागते म्हणजे एकमेकांच्या आधाराने ते जातात. आणि चौथा रकाना भरेपर्यंत त्या मुलाची जागा पहिल्या बाकावर, फळ्याच्या समोर, अध्यापकांच्या आवाजाच्या टप्प्यात असावी. त्याची उंची कितीही असली तरी.